इन्चार्ज सिस्टरनं किती मऊ असावं?

पत्र थोडक्यात

मोठ्या शहरातलं ट्रस्टचं रुग्णालय. तिथल्या लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात, म्हणजे पीआयसीयूत, या वाचक स्टाफ नर्स म्हणून लागल्या आणि गेल्या वर्षी त्याच विभागाच्या इन्चार्ज झाल्या. आधीच्या इन्चार्ज सगळ्यांदेखत झापायच्या, रजेचा अर्ज न वाचता परत करायच्या. आपण तसं वागायचं नाही, हे यांनी पहिल्याच दिवशी ठरवलं. कुणाची रजा अडवली नाही. कुणी ऐनवेळी आलं नाही की स्वतः थांबल्या, महिन्याला दोन-चार नाईटही काढल्या. घरी मुलगी दहावीला आहे.

दीड महिन्यापूर्वी, त्या घरी असताना, रात्रपाळीला आठ मुलांमागे तीन नर्स होत्या. चार मुलं व्हेंटिलेटरवर. नोकरीला वर्षही न झालेल्या एका मुलीनं मिडाझोलाम या गुंगीच्या औषधाच्या सिरिंज पंपावर ताशी 1.5 मिलीऐवजी 15 मिली असा वेग टाकला. दहाएक मिनिटांत बाळाचं बीपी घसरलं. रेसिडेंट डॉक्टरांनी सलाइनचा बोलस, म्हणजे एकदम मोठा डोस, दिला. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं आणि तिनं वेग गुपचूप दुरुस्त केला. बाळ सावरलं, पुढे घरीही गेलं. सकाळी ती रडत आली, 'मॅडम, कुणाला सांगू नका.' यांनी शब्द दिला.

नंतरच्या पंधरवड्यात डेंग्यू शॉकचं चार वर्षांचं मूल गेलं. तीच नर्स त्याच्या आईला धरून हमसून रडली. कन्सल्टंट म्हणाले, 'हे काय चाललंय? मेमो द्या.' मेट्रनबाई, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या प्रमुख, म्हणाल्या, 'तुझ्या लाडानं पोरी बिघडल्यात.'

प्रश्न असे: दिलेला शब्द मोडावा का? मेमो द्यावा का? मी या पदासाठी फार मऊ आहे का? पुन्हा स्टाफ नर्स होऊ का?

उत्तर

प्रिय सिस्टर,

तुमच्या चारही प्रश्नांच्या आधी मला दुसराच प्रश्न पडला. त्या रात्री आठ मुलांमागे तीनच नर्स आहेत, याचं मेट्रन ऑफिसात कुणालाच काही कसं वाटलं नाही?

मला वाटतं, याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. गेले कित्येक महिने तिथे तीनच लावत होते आणि चौथी तुम्ही होतात. ही चौथी हजेरीपटावर नव्हती, ड्यूटी लिस्टमध्ये नव्हती, पगारात तर नव्हतीच. पण ती असायची म्हणून काम निभावायचं, आणि काम निभावतंय म्हटल्यावर वरच्यांच्या लेखी तीन पुरेशा ठरल्या. ज्या रात्री तुम्ही मुलीजवळ थांबलात, त्या रात्री कागदावरचा आकडा खरा झाला.

हे मी तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. वॉर्डात आयुष्य गेलेल्या आम्हा बहुतेक जणींना हेच शिकवलं गेलं की चांगली सिस्टर ती, जी भोक दिसलं की स्वतः त्यात जाऊन उभी राहते. 12 मेला, परिचारिका दिनी, केक कापताना आपलं जे कौतुक होतं, ते याच गोष्टीचं असतं. मात्र भोक आपल्या पाठीनं झाकलं की ते बुजवायची जबाबदारी ज्यांची आहे त्यांना ते दिसतच नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात अतिदक्षता विभागात प्रत्येक पाळीला खाटेमागे एक नर्स धरलेली आहे, शिवाय 30 टक्के रजा-राखीव. आठ खाटांना आठ! असं म्हणून आपण हसतो आणि पुढच्या कामाला लागतो. बरं, निकष बाजूला ठेवू. व्हेंटिलेटरवरच्या चार मुलांना चार जणी आणि उरलेल्या चौघांना मिळून दोघी, याला तुमचे कन्सल्टंटही नाही म्हणणार नाहीत. म्हणजे सहा झाल्या. तुमच्याकडे त्याच्या निम्म्या होत्या.

तेव्हा तुम्ही विचारलेलं 'मऊ की कडक' मला थोडं फिरवून घ्यावंसं वाटतं. तुमच्या विभागात माया आहे, याबद्दल मला शंका नाही. पण ती सगळी तुमच्या एकट्या अंगावर चालते आहे. तुम्ही आजारी पडलात, बदलून गेलात किंवा नुसत्या एका रात्री घरी राहिलात, की ती संपते.

ब्रिटनमधल्या आरोग्यसेवेतल्या नेतृत्वावर मायकेल वेस्ट यांनी बरंच काम केलं आहे. करुणेनं नेतृत्व करायचं तर चार गोष्टी लागतात, असं ते मांडतात: माणसाकडे लक्ष देणं, त्याची अडचण नेमकी काय आहे ते समजून घेणं, ती आपल्यालाही जाणवणं आणि मग मदत करणं. तुमचं पत्र या चार गोष्टींना लावून पाहिलं. लक्ष देता. कळ तर तुम्हाला नको इतकी जाणवते. मदतीला धावता. दुसरी पायरी मात्र तुम्ही दरवेळी ओलांडून जाता. कुणी आलं नाही, तर का आलं नाही, हा या महिन्यात कितव्यांदा, तिच्या नाईटनंतर लगेच मॉर्निंग लागली होती का, हे पाहण्याआधीच तुम्ही स्वतःचा डबा भरून निघालेल्या असता.

इथे मला मुंबईच्या केईएम रुग्णालयाची आठवण होते. 1973च्या नोव्हेंबरात तिथल्या नर्स अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला, त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या आणि 2015च्या मे महिन्यात त्या गेल्या. मधली जवळजवळ 42 वर्षं तिथल्या नर्सेसनी त्यांना सांभाळलं. ज्यांनी त्यांच्यासोबत काम केलं होतं त्या निवृत्त झाल्या. नंतरच्या बॅचेसनी त्यांना कधी उभं राहिलेलं पाहिलंही नव्हतं, तरी सांभाळलं. 2011च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या वतीनं बोलायचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचाच मानला. लोक यात त्याग बघतात, आणि तो होताच. मला त्यात पाळ्या दिसतात. कूस बदलायची, भरवायचं, अंग पुसायचं, हे एका पाळीनं दुसरीच्या हातात सोपवत नेलं. एकाच सिस्टरच्या प्रेमावर ते असतं, तर तिच्या निवृत्तीबरोबर संपलं असतं.

आता त्या रात्रीकडे येऊ. तुम्हाला ते बोलायचं नाहीये, हे कळतं. पत्रात तुम्ही ते दोन ओळींत उरकलंत आणि कन्सल्टंटच्या स्वभावावर अर्धं पान लिहिलंत.

शब्द मोडावा लागेल. यात मला दुसरा रस्ता दिसत नाही. 'बाळ सावरलं, घरी गेलं, आता उकरून काय मिळणार?' असं तुम्ही म्हणता. जरा रेसिडेंट डॉक्टरांच्या जागी उभ्या राहून बघा. त्यांच्यासमोर व्हेंटिलेटरवरचं बाळ आहे, बीपी अचानक पडलंय आणि कारण दिसत नाही. त्यांनी बोलस दिला. तेवढ्यावर भागलं म्हणून ठीक. पण ते म्हणाले असते, जंतुसंसर्ग वाढतोय, तर? अँटिबायोटिक बदललं असतं, बीपीसाठी आणखी एक ड्रिप लागली असती, रक्ताच्या तपासण्या झाल्या असत्या. प्रत्येक निर्णय बरोबर आणि पाया चुकीचा. औषधाचा वेग चुकणं ही एक चूक झाली. ती न सांगणं ही दुसरी. आणि मुलाला धोका म्हणाल तर दुसरीचा जास्त होता. हे त्या मुलीला कुणीतरी समजावून सांगायला हवं. तुम्ही शब्द दिलात, त्यामुळे ते राहून गेलं.

लहान मुलांच्या विभागात हे आणखी अवघड असतं, हे तुम्हाला मी काय सांगणार. मोठ्या माणसांना एक गोळी म्हणजे एक गोळी. आपल्याकडे तीन किलोचं बाळ आणि तीस किलोचा मुलगा शेजारशेजारच्या खाटांवर असतात आणि प्रत्येक डोस वजनावर काढायचा असतो. दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट. जगभरच्या बालरुग्ण विभागांना या दहापटीच्या चुकीची धास्ती असते. त्यामुळे तुमच्या नर्सकडून जे घडलं ते तिच्या निष्काळजी स्वभावातून घडलं, असं मी तरी म्हणणार नाही. पहाटे तीनला, तीन जणींत, ती दुसरीला हाक मारून 'जरा बघ गं' म्हणणार तरी कशी होती? दोघींनी तपासायचा नियम भिंतीवर असेल. दुसरी होती कुठे? दुसऱ्या बाळाचं सक्शन करत होती, नळीनं कफ ओढत होती.

यावर एक अभ्यास तुमच्या कन्सल्टंटपर्यंतही पोचवण्यासारखा आहे. एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधिकेनं 1990च्या दशकात रुग्णालयांतल्या नर्सिंग टीम्स आणि औषधांच्या चुका यांचा संबंध तपासला. चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील, अशी तिची अपेक्षा होती. आकडे उलटे आले. जिथे नर्स-मॅनेजर चांगली, माणसं एकमेकींना धरून, तिथे चुकांची नोंद जास्त. पुढे उलगडा होत गेला तो असा, की तिथे चुका जास्त होत होत्या म्हणून नव्हे, तर तिथे त्या सांगितल्या जात होत्या म्हणून आकडा मोठा होता. ज्या विभागात इन्चार्जला घाबरतात, त्या विभागाचं रजिस्टर कोरं आणि स्वच्छ राहतं.

आता यात तुमचं स्थान कुठे? ती मुलगी सकाळी तुमच्याकडे आली. जुन्या इन्चार्जकडे गेली असती का? नसती. हे तुमचं यश आहे. ते तुम्ही कमावलंत आणि मग कपाटात ठेवून दिलंत. चूक तुमच्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. म्हणजे विभागाच्या दृष्टीनं जुन्या इन्चार्जच्या काळात आणि आज फरक काय पडला? तेव्हा चूक नर्सच्या पोटात राहायची, आज दोघींच्या पोटात आहे.

कसं करायचं ते सांगते. आधी तिच्याशी बोला, आणि तिला विचारायला म्हणून नव्हे, सांगायला. 'मी तुला शब्द दिला तो चुकीचा दिला. तो मी मागे घेते. रिपोर्ट जाणार आहे. तू लिही, मी शेजारी बसते, आणि इन्चार्ज म्हणून माझं वेगळं निवेदन जोडते.' ही बोलणी ड्यूटीच्या मधोमध करू नका, आणि चहाच्या टपरीवरही नको. ती रडेल. रडू द्या. विनवण्या करील, तेव्हा मात्र वाकू नका. मग दोघींनी मिळून इन्सिडंट रिपोर्ट भरा. फाइलमध्ये जी नोंद करायची ती आजच्या तारखेनं आणि आजच्या वेळेनं, 'उशिरा केलेली नोंद' असं स्पष्ट लिहून. त्या रात्रीच्या कागदावर मागे जाऊन एक अक्षरही बदलू नका. चूक क्षम्य असते. खाडाखोड केलेला चार्ट तुम्हाला कुठल्याही चौकशीत बुडवील.

तुमच्या निवेदनात त्या रात्रीची संख्या लिहा: किती मुलं, किती व्हेंटिलेटरवर, किती नर्स, त्यातली सर्वांत नवी किती महिन्यांची. पंपावर वेगाची कमाल मर्यादा घालायची सोय आहे का, असली तर वापरात आहे का, तेही लिहा. आणि हेही लिहा की तुम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं होतं आणि तुम्ही कळवलं नाहीत. हे वाक्य लिहिताना हात जड होईल. पण ते नसेल तर सगळा कागद त्या पोरीवर शेकेल.

मग कन्सल्टंटना स्वतः जाऊन सांगा, रिपोर्ट त्यांच्या टेबलावर पोचायच्या आधी. रेसिडेंटलाही सांगायला हवं, कारण त्या रात्रीचं कोडं अजून त्याच्या डोक्यात असू शकतं. आणि बाळाच्या आईवडिलांना? त्यांच्या मुलाबाबत काय झालं हे कळण्याचा हक्क त्यांना आहे, असं माझं मत आहे. पण ते तुम्ही एकटीनं फोन करून सांगायचं नाही. कन्सल्टंट आणि प्रशासन यांनी मिळून, समोर बसवून सांगायचं. ते टाळाटाळ करतील अशी शक्यता आहे. मग तुम्ही तसं सुचवलं होतं, एवढं तरी तुमच्या निवेदनात असू द्या.

'तिला काढून टाकलं तर?' ही भीती मी खोटी म्हणणार नाही. 2021च्या जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून 10 बाळं गेली. त्यानंतर कारवाई झालेल्यांत नर्सेसही होत्या. ते वाचून कुठल्या नर्सच्या पोटात गोळा आला नसेल? काही झालं की सर्वांत जवळ कोण उभं होतं ते आधी शोधलं जातं, आणि सर्वांत जवळ आपणच असतो. तुमच्या रुग्णालयातही तिच्यावर कारवाई होऊ शकते. मी तुम्हाला हमी देऊ शकत नाही. एवढंच म्हणते, की आज स्वतःहून, आकड्यांसह, इन्चार्जच्या सहीनं गेलेला कागद आणि उद्या दुसऱ्या कुणाच्या तोंडून फुटलेली बातमी यांत तिचा बचाव कशात जास्त आहे ते तुम्हीच ठरवा. रुग्णालय मानांकित असेल तर औषधांच्या चुकांची नोंद आणि कारणमीमांसा त्यांना करावीच लागते. क्वालिटीचं काम बघणाऱ्यांना असे रिपोर्ट हवेच असतात. त्यांना आपल्या बाजूला घ्या.

आता मेमो.

तिच्या रडण्याकडे तुम्ही सगळेच वेगळी घटना म्हणून बघताय. तारखा शेजारी ठेवा. ते मूल जायच्या आधीच्या पंधरवड्यातच तिच्या हातून एक बाळ जाता जाता राहिलं होतं, निदान तिच्या मनात तरी तसंच आहे. ते तिनं कुणाला सांगितलं नाही, तुमच्याशिवाय. आणि तुम्ही म्हणालात, ठीक आहे, विसरून जा. मग दुसरं मूल तिच्यासमोर गेलं. ती त्या आईच्या गळ्यात पडून नेमकी कुणासाठी रडत होती? अल्बर्ट वू नावाच्या डॉक्टरांनी 2000 साली लिहिलं होतं की वैद्यकीय चुकीचा पहिला बळी रुग्ण असतो आणि ज्याच्या हातून ती झाली तो दुसरा. तुमची ही पोर तो दुसरा बळी आहे. गुपित राखून तिला आपण वाचवलं, असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं, ती एकटी पडली.

तेव्हा मेमो देऊ नका. मात्र कन्सल्टंटच्या म्हणण्यात काहीच तथ्य नाही, असंही मी म्हणत नाही. नर्सनं रडू नये, हे मला मान्य नाही. चार वर्षांचं मूल सहा-सात दिवस आपल्या हाताखाली असतं. त्याला कुठलं कार्टून आवडतं ते आपल्याला माहीत असतं, त्याच्या उशाशी अंगाऱ्याची पुडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून आपणच चिकटवलेली असते. डोळे भरून येणारच, आणि आईला ते दिसलं तर तिला बरंच वाटतं. आपल्या लेकराचं इथे कुणाला तरी काही वाटत होतं, हे तिला घरी घेऊन जाता येतं. मर्यादा एवढीच, की आपल्याला सावरायची वेळ त्या आईवर येऊ नये. आणि शेजारच्या खाटेवरचा पंप वाजत असेल तर कुणीतरी तिकडे जायला हवं. हे दोन्ही बघायचं काम रडणारीचं नसतं, इन्चार्जचं असतं. त्या वेळी तिच्या खांद्यावर हात ठेवून 'तू जा, पाणी पी, पंधरा मिनिटांनी ये, तुझी खाट मी बघते' म्हणायला कुणी होतं का? पत्रात तसं काही नाही.

मूल गेल्यावर आपल्याकडे पुढचा तास फार वाईट जातो. नळ्या काढा, अंग पुसा, कागद करा, बिलिंगचा फोन घ्या, नातेवाइकांचा जमाव दाराशी, आणि कॅज्युअल्टीतून निरोप: खाट रिकामी झाली का, पेशंट वर पाठवतोय. हा तास तुम्ही आधीच ठरवून ठेवू शकता. दारावर कोण थांबेल, फोन कोण घेईल, आईबरोबर कोण राहील. पोलीस केस नसेल तर नळ्या काढून, चेहरा पुसून आईला मूल मांडीवर घ्यायचंय का, हे विचारायचं. आंघोळ घालायची असेल, काजळ लावायचं असेल, तर पडदा ओढून तेवढा वेळ द्यायचा. पोलीस केस असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नळ्यांना हात लावायचा नाही, आणि का लावता येत नाही ते आईला आधीच सांगायचं. नाहीतर तिला वाटतं, आता कुणाला पडलेलीच नाही. खाट अर्धा तास देता येणार नाही, हे कॅज्युअल्टीला सांगायचं काम तुमचं. तिथे कडक व्हा, बिनधास्त.

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या जोनाथन बार्टल्स या नर्सनं एक साधी पद्धत सुरू केली. मृत्यू घोषित झाल्यावर तिथे असलेल्या सगळ्यांनी, डॉक्टरांपासून सफाई कामगारापर्यंत, मिनिटभर गप्प उभं राहायचं आणि मग कामाला लागायचं. पुढे ती बऱ्याच रुग्णालयांनी उचलली. तुमच्याकडे मावशी आणि वॉर्डातले मामा यांनाही त्यात घ्या. मुलाला सहा दिवस उचलून एक्स-रेला नेणारा तोच असतो आणि त्याला कुणी विचारत नाही. कन्सल्टंटना हे पटवायचं असेल तर त्यांनाच सांगा, सर, तुम्ही थांबलात तर पोरी थांबतील. बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. तेही रात्री घरी जाऊन झोपत नसतात, फक्त तसं सांगत नाहीत.

जुन्या इन्चार्जबद्दल थोडं. त्यांच्यासारखं व्हायचं नाही, हे ठरवताना तुम्ही त्यांचं सगळंच टाकून दिलंत, असं मला वाटतं. तुम्हीच लिहिलंय की त्यांच्या वेळी दोघींनी तपासल्याशिवाय एकही ड्रिप सुरू व्हायची नाही. मग ते ठेवायला काय हरकत होती? सगळ्यांदेखत झापणं टाका, अर्ज परत फेकणं टाका. तपासणीचा आग्रह ठेवा, आणि तो खरा करा. दुसरीनं नुसती सही करायची नाही, तिनं पहिलीचं गणित न बघता स्वतःचं गणित करायचं. 0.5 लिहिताना आधीचं शून्य कधी गाळायचं नाही, 5 लिहिताना पुढे '.0' कधी लावायचं नाही. नवीन मुलीला पंप लावताना तुमचा आवाज चढला तरी चालेल; माणूस म्हणून तिचा अपमान करू नका, एवढं पुरे. तुमच्या मैत्रिणींपैकी कुणी, कालपर्यंत जिच्याबरोबर डबा खात होतात ती, तपासणी टाळत असेल, तर तिलाही तेच. तिथे मऊपणा कराल तर त्याची किंमत खाटेवरचं मूल देईल.

आणि ड्यूटी लिस्ट. सिस्टर, इन्चार्जची खरी माया तिथे दिसते, इतर कुठेही नाही. इव्हनिंगनंतर लगेच मॉर्निंग लागलीय का? एकाच पाळीत तिघी नव्या आहेत का? जिच्या खाटेवरचं मूल काल गेलं तिला आज पुन्हा सर्वांत गंभीर मूल दिलंय का, की तिला विचारलं? काहींना त्या दिवशी हलकी खाट हवी असते, काहींना नको असते, हलकी दिली की त्यांना वाटतं आपल्यावरचा विश्वास गेला. म्हणून विचारायचं. दिवाळी, ईद, नाताळ कुणाला मिळाला याची वहीत नोंद ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी वाद नको. आणि रजा कुणाचीही अडवायची नाही, हा तुमचा नियम मोडा. तुम्ही एकीला दिलेली ऐनवेळची सुट्टी त्या पाळीत उरलेल्या जणी भरून काढतात. त्यांना कुणी विचारतं का?

पुढच्या महिन्यापासून, जिथे माणूस कमी आहे तिथे लिस्टमध्ये रिकामी जागा तशीच दिसू द्या, आणि ती लिस्ट लेखी पत्रासोबत मेट्रन ऑफिसला पाठवा. 'अमुक रात्री चार व्हेंटिलेटर, तीन नर्स. कृपया व्यवस्था व्हावी.' पोचपावती घ्या. लगेच माणूस मिळेल या भ्रमात राहू नका, पहिल्या पत्राला बहुधा उत्तरही येणार नाही. खरोखर कुणी नसेल तर तुम्ही थांबालही, मुलांना वाऱ्यावर थोडंच सोडणार? पण थांबलात तर हजेरीपटावर सही करून थांबा, म्हणजे महिन्याच्या शेवटी तुमच्या नावापुढचे तास मोजता येतील. मेट्रनबाईंना तुमचा लाड दिसतो, कारण आकडा दिसत नाही. त्याही एका काळी रात्रपाळ्या करून आल्या आहेत; आकडा हातात दिलात तर त्याच तो वर घेऊन जातील, अशी शक्यता मला बरीच वाटते. त्यांना शत्रू ठरवायची घाई नको.

त्या मुलीसाठी आणखी एक. रिपोर्ट गेल्यावर पुढचे काही आठवडे तिच्याकडे लक्ष असू द्या: झोपते का, जेवते का, पंपाला हात लावताना थरथरते का. तिला सलग नाईट देऊ नका आणि तिची जोडी अनुभवी सिस्टरशी लावा. बोलायला कुणी हवं असेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येतं. तो नंबर सिस्टर्स रूमच्या आरशाजवळ लावून ठेवा. ज्यांना लागेल त्या विचारायला येत नाहीत.

राहिला पद सोडायचा प्रश्न. स्टाफ नर्स म्हणून परत जाण्यात कमीपणा काहीच नाही. खाटेजवळचं काम कुणाला जास्त आवडतं, तर ते तसंच आवडू दे. पण आत्ता, हे प्रकरण पोटात ठेवून गेलात, तर तुम्ही इन्चार्ज म्हणून कशा आहात हे तुम्हाला कधी कळणारच नाही, कारण तुम्ही ते काम अजून केलेलंच नाही. गेलं वर्षभर तुम्ही इन्चार्जही होतात आणि चौथी स्टाफ नर्सही. रिपोर्ट जाऊ द्या, दोन-तीन महिन्यांच्या लिस्ट वर सांगितलं तशा काढा, त्या मुलीला उभी राहिलेली बघा. त्यानंतरही जावंसं वाटलं तर खुशाल जा.

आणि दहावीचे पेपर फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात. त्या दिवसांच्या रजेचा अर्ज या आठवड्यातच टाका, आणि लिस्टमध्ये तेवढ्या दिवसांपुरता इन्चार्जचा चार्ज कुणाकडे राहील तिचं नाव आत्ताच लिहून ठेवा. तिला कपाटाच्या किल्ल्या, क्रॅश कार्टची, म्हणजे आणीबाणीच्या औषधांच्या ट्रॉलीची, तपासणी आणि कॅज्युअल्टीला नाही कसं म्हणायचं, हे शिकवायला तुम्हाला वेळ लागेल.